साक्षीदार हयात आहे तोवर

मृत्युपत्र न्यायालयात शाबित करण्याच्या पद्धतीबाबत मुंबई-ठाण्यातील एका ज्येष्ठ नागरिक संघाचे मागणीपत्र

प्रति,
मा. विधी व न्याय मंत्री, महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

प्रत : मा. मुख्य न्यायमूर्ती, मुंबई उच्च न्यायालय. नोंदणी महानिरीक्षक व मुद्रांक नियंत्रक, पुणे. सहकार आयुक्त व निबंधक, सहकारी संस्था, पुणे

महोदय,

आमच्या संघातील एक भगिनी सध्या एका डॉक्टरांची सही शोधत आहेत. त्यांच्या यजमानांनी १९९८ साली मृत्युपत्र केले आणि राहते घर पत्नीच्या नावे लिहून ठेवले. साक्षीदार दोन होते, चाळीतले शेजारी आणि घरचे डॉक्टर. यजमान गेल्या वर्षी वारले. डॉक्टर त्यांच्याआधीच गेले होते. शेजाऱ्यांचा पत्ता लागत नाही; चाळ पुनर्विकासात गेली, बिऱ्हाडे पांगली, जुने फोन नंबर बंद पडले. थोरल्या मुलाला मृत्युपत्र मान्य नाही, म्हणून प्रकरण कोर्टात आहे. साक्षीदार मिळत नसेल तर निदान एका साक्षीदाराचे हस्ताक्षर आणि मृत्युपत्र करणाऱ्याची सही शाबित करा, असे कायदा सांगतो. त्यासाठी या बाई बिस्किटांच्या जुन्या डब्यातून औषधांच्या चिठ्ठ्या काढून एकेक सही ताडून पाहत आहेत. डॉक्टरांचे कंपाउंडर सापडले. ते ऐंशीच्या घरात आहेत, सही ओळखतो म्हणाले. तारीख लागेपर्यंत त्यांची प्रकृती धड राहावी, एवढीच बाईंची प्रार्थना आहे.

त्यांनी हा डबा संघाच्या सभेत आणला, तेव्हा इतरांनीही आपापली कागदपत्रे आठवून पाहिली. ज्यांनी मृत्युपत्र केले होते, त्यांतल्या बहुतेकांनी साक्षीदार म्हणून आपल्याच वयाचे मित्र निवडले होते. त्या मित्रांपैकी कोण हयात आहे, कोण मुलाकडे परदेशी गेले, कोणाला आता माणसे ओळखू येत नाहीत, हे एकेक जण सांगू लागला. ही सभा लवकर आटोपली नाही. हे मागणीपत्र तिथूनच निघाले.

मृत्युपत्राबद्दल लोकांचा समज असा की कागद स्वच्छ लिहिला, सही केली, स्टँप पेपरवर घेतला की झाले. मृत्युपत्राला मुद्रांक लागतच नाही. साध्या कोऱ्या कागदावर, हाताने लिहिलेलेही चालते. लागते ते वेगळेच. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे मृत्युपत्र करणाऱ्याने सही किंवा अंगठा करायचा, आणि किमान दोन साक्षीदारांनी साक्षांकन करायचे. प्रत्येक साक्षीदाराने त्याला सही करताना पाहिलेले असावे किंवा 'ही सही माझीच' असे त्याच्या तोंडून ऐकलेले असावे, आणि मग त्याच्या समक्ष आपली सही केलेली असावी. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असण्याची सक्ती नाही. आत काय लिहिले आहे हे त्यांना माहीत असण्याचीही गरज नाही. ही शेवटची गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते, आणि म्हणूनच 'दुसऱ्याच्या घरच्या भानगडीत कशाला पडा' असे म्हणत शेजारी सही द्यायला कचरतात.

करणे एवढे सोपे. शाबित करणे कठीण. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६७ मध्ये जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६८ चीच अट कायम आहे : साक्षांकित करणे कायद्याने आवश्यक असलेला दस्तऐवज पुराव्यात वाचायचा असेल, तर हयात आणि साक्ष देण्याजोगा एक तरी साक्षीदार न्यायालयात बोलवावा लागतो. नोंदणीकृत दस्तऐवजांना यात सवलत आहे. समोरच्याने तो केल्याचेच स्पष्टपणे नाकारले नसेल तर साक्षीदाराची गरज पडत नाही. पण त्याच वाक्यात मृत्युपत्र वगळलेले आहे. दुय्यम निबंधकासमोर जाऊन, फोटो आणि बोटांचे ठसे देऊन नोंदवलेले मृत्युपत्रही साक्षीदाराशिवाय उभे राहत नाही. तीस वर्षांपूर्वीच्या कागदांना सहीबाबत जे अनुकूल गृहीत मिळते, तेही मृत्युपत्राला लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एकाहून अधिक निकालांत सांगितले आहे.

शिवाय, बोलावलेल्या एका साक्षीदाराने 'मी सही केली, मृत्युपत्र करणाऱ्याने केली' एवढेच सांगून भागत नाही. दुसऱ्या साक्षीदारानेही रीतसर साक्षांकन केल्याचे त्याच्या जबानीतून आले पाहिजे. ते आले नाही आणि दुसरा साक्षीदार हयात असूनही बोलावला नाही, तर पुरावा अपुरा ठरतो. महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली हेच सांगितले. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या एका दुपारी कोणी आधी सही केली, पेन कोणाचे होते, दुसरा साक्षीदार खोलीत होता की गॅलरीत, हे पंच्याऐंशी वर्षांच्या माणसाला उलटतपासणीत विचारले जाते. तो गोंधळतो. गोंधळला म्हणून तो खोटा ठरत नाही, पण मृत्युपत्र मात्र डळमळते.

ही पारख कडक का आहे, हे आम्हाला समजते आणि ती सैल करा असे आम्ही म्हणत नाही. मृत्युपत्राच्या कायद्याचा पाया घालणारा निकाल सर्वोच्च न्यायालयासाठी न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिला. १९५९ च्या निकालसंग्रहांत तो आहे आणि आजही प्रत्येक वकील तोच पुढे करतो. त्याचा गाभा असा : इतर दस्तऐवज करणारा माणूस न्यायालयात येऊन 'हो, हे माझे' किंवा 'नाही' असे सांगू शकतो, मृत्युपत्र करणारा तोवर जगात नसतो. म्हणून जो ते मृत्युपत्र पुढे करतो, त्याने न्यायालयाच्या मनातली प्रत्येक रास्त शंका दूर केली पाहिजे. सही थरथरलेली किंवा संशयास्पद असेल, मन दुबळे झाले असेल, जवळच्या वारसांना विनाकारण डावलले असेल, किंवा ज्याला घबाड मिळाले त्यानेच मृत्युपत्र लिहून घेण्यात पुढाकार घेतला असेल, तर शंका अधिकच गडद होते.

आम्हीच ते म्हातारे आहोत ज्यांचा अंगठा झोपेत उमटवून घेतला जाऊ शकतो. आजारपणात, औषधांच्या गुंगीत, 'एवढ्या कागदावर सही करा, पेन्शनचा आहे' असे सांगून सही घेतल्याच्या गोष्टी आमच्या कट्ट्यावर ऐकू येतात. ही पारख आमचेच रक्षण करते. आमची तक्रार तिच्या वेळेबद्दल आहे. प्रश्न विचारण्याजोगा माणूस जिवंत असतो, साक्षीदार धडधाकट असतात, डॉक्टर समोर असतात, तेव्हा कायदा काहीच विचारत नाही. सगळे गेल्यावर सगळे विचारतो. आमच्या सर्व मागण्या या एकाच मुद्द्याभोवती आहेत : मृत्युपत्र करणारा आणि त्याचे साक्षीदार हयात असताना पुरावा घ्या, आणि तो नंतर ग्राह्य धरा.

मुलुंडचा चेकनाका आमच्या सभासदांना दोन भागांत तोडतो. काही सभासद अलीकडे बृहन्मुंबईत, काही पलीकडे ठाण्यात. डिसेंबर २०२५ पर्यंत या नाक्याला मृत्युपत्राच्या कायद्यात मोठा अर्थ होता. मुंबई, मद्रास आणि कलकत्ता या जुन्या इलाखा शहरांत हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन व्यक्तीने केलेले मृत्युपत्र, अथवा या शहरांतील स्थावर मिळकतीबद्दलचे मृत्युपत्र, प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला, घेतल्याशिवाय न्यायालयात हक्काचा आधार म्हणून चालत नसे. ही वहिवाट १८७० च्या हिंदू विल्स अ‍ॅक्टपासूनची. १९२५ च्या कायद्यात ती कलम ५७ आणि २१३ मधून आली. पारशी बांधवांनाही १९६२ च्या दुरुस्तीनंतर या शहरांत ती लागू झाली. मुस्लिम बांधव तिच्यातून आधीपासून मुक्त होते. साताऱ्यात राहणाऱ्या माणसाने साताऱ्यात केलेल्या मृत्युपत्रात गिरगावची एक खोली असली, की प्रोबेटसाठी मुंबई उच्च न्यायालय गाठावे लागे. नाक्यापलीकडच्या बहिणीला ते लागत नसे, अलीकडच्या भावाला लागे.

संसदेने रद्दीकरण व सुधारणा कायदा, २०२५ करून कलम २१३ वगळले. आम्ही त्याचे मनापासून स्वागत करतो. दीडशेहून अधिक वर्षे शहराच्या हद्दीवर उभा असलेला भेद गेला.

मात्र या बातमीचा अर्थ घराघरांत चुकीचा लावला जात आहे, आणि शासनाने तो वेळीच दुरुस्त करावा. 'आता मृत्युपत्र कोर्टात सिद्ध करावे लागत नाही' असे फिरणारे संदेश आमच्या सभासदांनाही आले. खरे एवढेच की प्रोबेटची सक्ती गेली. वाद झाला तर उत्तराधिकार अधिनियमाचे कलम ६३ आणि साक्ष्य अधिनियमाचे कलम ६७ जिथल्या तिथे आहेत. साक्षीदार बोलवावाच लागतो, मग तो प्रोबेट अर्जात असो की दिवाणी दाव्यात. नाक्यापलीकडच्या लोकांना हे नेहमीच माहीत होते. त्यांना प्रोबेट कधी लागले नाही, पण दाव्यात मृत्युपत्र शाबित करताना तेही अलीकडच्यांइतकेच दमले. प्रोबेट अजूनही घेता येते, आणि ज्यांच्या कुटुंबात भांडणाची चाहूल आहे त्यांनी ते घ्यावे असेच आम्ही सांगू. एकदा दिलेले प्रोबेट सर्व जगाविरुद्ध मृत्युपत्राच्या खरेपणाचा पुरावा असते, आणि ते रद्द करायला उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २६३ खाली सबळ कारण दाखवावे लागते.

आता मागण्या.

पहिली मागणी कार्यालयांबद्दलची आहे, कारण तिथे कायदा बदलल्याची खबर अजून पोहोचलेली नाही. एका सभासदाने वडिलांचे नोंदणीकृत मृत्युपत्र, सर्व भावंडांची संमती आणि मृत्यूचा दाखला घेऊन सोसायटीकडे अर्ज केला. समितीने कळवले, प्रोबेट आणा. कायदा बदलल्याचे सांगितले तर उत्तर आले, 'आमच्या वकिलांनी सांगितले आहे.' कोणत्या वकिलांनी, कोणत्या कलमाखाली, हे लेखी द्यायला समिती तयार नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १५४ब-१३ मध्ये सभासदाच्या मृत्यूनंतर हस्तांतरणासाठी मृत्युपत्रीय दस्तऐवज, उत्तराधिकार प्रमाणपत्र, वारस दाखला, कौटुंबिक व्यवस्थेचा दस्तऐवज किंवा नामनिर्देशन यांपैकी आधार चालतो. वारस ठरेपर्यंत नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेण्याची तरतूदही तिथेच आहे. 'प्रोबेट' हा शब्द त्या कलमात नाही. तरीही तो मागितला जातो, कारण मागणाऱ्याला जबाबदारी नको असते.

सहकार खात्याने सर्व गृहनिर्माण संस्थांना स्पष्ट परिपत्रक काढावे : वाद उपस्थित झालेला नसेल तर प्रोबेट मागू नये, मागायचे असेल तर तीस दिवसांत लेखी कारण द्यावे. नुकसानभरपाईचे हमीपत्र घेऊन संस्थेला आपले संरक्षण करता येतेच. बँकांबाबत रिझर्व्ह बँकेने मृत ग्राहकांच्या दाव्यांसाठी २०२५ मध्ये निर्देश काढले आणि पूर्ण कागदपत्रे मिळाल्यापासून १५ दिवसांची मुदत घातली. ही मुदत सहकारी बँका आणि पतसंस्थांमध्येही पाळली जाते का, हे राज्याने पाहावे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये कंपन्यांच्या भागांबाबत पुन्हा स्पष्ट केला आहे. परिपत्रकात तोही असावा, कारण मृत्युपत्र असताना नॉमिनीचे नाव पाहून पैसे किंवा घर देण्याची चूक दुसऱ्या टोकाची आहे आणि तीही होते.

दुसरी मागणी आमच्या दृष्टीने सर्वांत मोठी. मृत्युपत्राच्या नोंदणीच्या वेळीच दोन्ही साक्षीदारांचे जबाब शपथेवर नोंदवून ठेवण्याची सोय करावी, आणि साक्षीदार नंतर वारल्यास, बेपत्ता झाल्यास किंवा स्मृती गमावल्यास तो जबाब पुराव्यात ग्राह्य धरावा.

आज दुय्यम निबंधक मृत्युपत्र करणाऱ्याला 'हे तुमचेच ना, समजून केले ना' असे विचारतो आणि ओळख पटवतो. हे सगळे त्या दिवशी, त्या खोलीत घडते. पण त्याचा मोठा भाग नंतर न्यायालयाच्या कामी येत नाही, कारण तो साक्षांकनाचा पुरावा नसतो. त्याच वेळी साक्षीदारांनी 'मी त्यांना सही करताना पाहिले, मी त्यांच्यासमोर सही केली, दुसऱ्या साक्षीदारानेही त्यांच्यासमोर केली' एवढा छापील जबाब शपथेवर द्यावा, आणि सर्वांचे चित्रीकरण करून ते निबंधकाच्या प्रमाणपत्रासह जतन करावे. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये इलेक्ट्रॉनिक अभिलेख प्रमाणपत्रासह पुराव्यात घेण्याची पद्धत आहेच. (मृत्युपत्र स्वतः मोबाईलवर किंवा डिजिटल सहीने करता येत नाही, माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने ते वगळले आहे, आणि तसे वगळणे योग्यच आहे. आम्ही मागतो ते चित्रीकरण कागदाच्या सोबतीला, त्याच्या जागी नव्हे.)

हा बदल राज्याच्या हातात आहे. मृत्युपत्र व उत्तराधिकार आणि पुरावा हे दोन्ही विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहेत, अनुक्रमे नोंद ५ आणि नोंद १२. केंद्राच्या कायद्याशी विसंगत तरतूद असेल तर विधिमंडळाने विधेयक संमत करून अनुच्छेद २५४(२) खाली राष्ट्रपतींची अनुमती घ्यावी. आम्ही यासाठी आमदारांना भेटत आहोत. मसुद्यात एवढे स्पष्ट हवे की हा जबाब अंतिम पुरावा नव्हे. ज्याला मृत्युपत्र खोटे वाटते त्याला ते खोडून काढायचा पूर्ण अधिकार राहील.

शेजारच्या गोव्यात मृत्युपत्र करण्याची रीत या विचाराच्या जवळची आहे. पोर्तुगीज काळापासून चालत आलेली आणि २०१२ च्या गोवा उत्तराधिकार कायद्यात आणलेली ही पद्धत अशी : सार्वजनिक मृत्युपत्र विशेष नोटरीपुढे, साक्षीदारांसमक्ष, त्याच्या नोंदवहीतच होते. तिथे सक्तीच्या वारसांसाठी संपत्तीचा निम्मा भाग राखीव असतो, म्हणून गोव्याची तुलना सर्व बाबतीत लागू नाही. पण मृत्युपत्र ज्या क्षणी होते, त्याच क्षणी राज्याचा अधिकारी त्याचा साक्षी असतो, हे आमच्या भावंडांच्या राज्यात वर्षानुवर्षे चालते. मग ते इथे अशक्य कसे?

इथे संघात मतभेद झाला, तो लपवण्यात अर्थ नाही. काही सभासदांचे म्हणणे होते, नोंदणीच सक्तीची करा, सगळे प्रश्न सुटतील. बहुमताने ते नाकारले. उत्तर प्रदेशाने २००४ मध्ये जमिनीच्या मृत्युपत्रांना नोंदणी सक्तीची केली, आणि २०२४ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने ती तरतूद रद्द ठरवली, ही गोष्ट आमच्यापैकी एका निवृत्त वकिलांनी सांगितली. पण आमच्या मनात मुख्य कारण वेगळे होते. रात्री दवाखान्यात दाखल होताना, उद्याची शाश्वती नसताना, वहीच्या कागदावर दोन शेजाऱ्यांसमोर केलेले मृत्युपत्र हा माणसाचा शेवटचा अधिकार आहे. तो कार्यालयाच्या वेळेत बांधता येणार नाही. सोय द्या, सक्ती नको.

तिसरी मागणी त्याच सोयीचा भाग आहे. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ३१ प्रमाणे निबंधक विशेष कारणासाठी घरी येऊन दस्त नोंदवू शकतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी ही तरतूद आहे. आम्ही कोणत्याही एका कार्यालयाकडे बोट दाखवत नाही, पण अर्ज केल्यापासून घरी कोण, कधी येणार याचा भरवसा नसतो. अर्ज आल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत गृहभेट व्हावी. त्याच कायद्याच्या कलम ४२ नुसार मोहोरबंद पाकिटात मृत्युपत्र जिल्हा निबंधकाकडे ठेवता येते. मृत्यूनंतर अर्ज आल्यावर ते अर्जदारासमक्ष उघडून नोंदवहीत उतरवले जाते. मुलांना मृत्युपत्राचा मजकूर आधी कळू नये असे वाटणाऱ्यांसाठी यापेक्षा चांगली सोय नाही, आणि आमच्या शंभरेक जणांच्या सभेत ती ऐकून माहीत असलेले दोघेच निघाले. तिची माहिती प्रत्येक नोंदणी कार्यालयात दर्शनी भागात मराठीत लावावी.

चौथी मागणी सरकारी व महानगरपालिका रुग्णालयांकडून मानसिक क्षमतेच्या दाखल्याची. उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ५९ प्रमाणे सुज्ञ आणि सज्ञान माणूसच मृत्युपत्र करू शकतो, पण डॉक्टरांचा दाखला कायद्याने लागत नाही. कोर्टात मात्र त्याचाच अभाव बोचतो. डॉक्टर 'फिट' असा एक शब्द लिहून देतात, तोही पुरेसा नसतो. साधा नमुना ठरवावा : रुग्णाला दिवस, स्थळ आणि माणसे कळतात का, आपली मिळकत आणि जवळचे वारस त्याने स्वतः सांगितले का, तपासणी कधी आणि कोणासमोर झाली. दाखला त्याच दिवशी मिळावा आणि त्याची प्रत रुग्णालयाच्या दप्तरी राहावी.

पाचवी मागणी मा. मुख्य न्यायमूर्तींना विनंतीच्या स्वरूपात आहे. प्रोबेटच्या अर्जावर शक्य असेल तर मृत्युपत्राच्या एका साक्षीदाराचे पडताळणी-पत्र असावे असे उत्तराधिकार अधिनियमाचे कलम २८१ म्हणते. मग वारसांना नोटिसा जातात, कोणी कॅव्हेट (हरकतीचा अर्ज) दाखल केले की कलम २९५ खाली अर्जाचे रूपांतर दाव्यात होते, आणि तिथून रांग सुरू होते. मुद्दे निघतात, कागद दाखल होतात, तारखा पडतात, आणि साक्षीदाराचा क्रम येतो तेव्हा तो उठून बसण्याच्या स्थितीत नसतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८ नियम १६ मध्ये सबळ कारण असेल तर साक्षीदाराची जबानी ताबडतोब घेण्याची मुभा आहे, आणि आदेश २६ मध्ये आजारी साक्षीदारासाठी कमिशनर नेमण्याची. साक्षांकन करणारा साक्षीदार सत्तर वर्षांवरील असेल, तर कॅव्हेट दाखल होताच पहिल्या साठ दिवसांत त्याची जबानी आणि उलटतपासणी कमिशनरपुढे किंवा व्हिडिओद्वारे पूर्ण व्हावी, असा नियम उच्च न्यायालयाने करावा. पुढचा दावा किती वर्षे चालेल याची आम्हाला तेवढी भीती नाही. निकालाची वाट पाहायला आम्ही शिकलो आहोत. साक्षीदार मात्र वाट पाहू शकत नाही. आणि ज्या अर्जात कोणी हरकतच घेतली नाही, तो सहा महिन्यांत निकाली निघावा.

याच विनंतीला जोडून भाषेचा मुद्दा. आमच्या पिढीची बहुतेक मृत्युपत्रे मराठीत आहेत, आणि ती मराठीत असावीत, कारण शेवटचे सांगणे माणूस आपल्या भाषेतच सांगतो. उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २७७ मुळे, न्यायालयाच्या कामकाजात चालणाऱ्या भाषेखेरीज दुसऱ्या भाषेतील मृत्युपत्राला न्यायालयीन भाषांतर जोडावे लागते. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत त्यामुळे मराठी मृत्युपत्राला इंग्रजी अनुवाद लागतो. एका बाईंच्या सासऱ्यांनी 'सुनेने केलेल्या शुश्रूषेची जाण ठेवून' असे लिहिले होते. अनुवादात त्याचे काय झाले हे त्यांना कळले नाही, आणि उलटतपासणी त्या अनुवादावरच झाली. महाराष्ट्राच्या राजधानीतील न्यायालयात मराठी मृत्युपत्र मूळ मराठीतच वाचले जावे. मूळ आणि अनुवाद यांत फरक दिसला तर मूळ प्रमाण मानावे, एवढे तरी नियमात आताच लिहावे.

मुंबईबाहेरच्या सातबाऱ्याबद्दल एकच सांगतो. मृत्युपत्रावरून फेरफार घेताना नोटिसीत मृत्युपत्राचा क्रमांक किंवा दिनांक लिहावा आणि सर्व वारसांना ती पोहोचावी. फेरफार म्हणजे मालकीचा निकाल नव्हे, हे नोटिसीवर छापलेले असावे. निम्मी भांडणे त्या एका ओळीने थांबतील.

संघ स्वतः काय करील तेही नोंदवतो, नाहीतर हे नुसते मागणे होईल. सभासदांनी साक्षीदार म्हणून आपल्यापेक्षा किमान वीस वर्षांनी लहान माणूस निवडावा, लाभार्थ्याला साक्षीदार करू नये, साक्षीदारांचे पूर्ण नाव, पत्ता, फोन आणि आधार क्रमांकाचे शेवटचे चार आकडे मृत्युपत्राखाली लिहावेत, आणि वाचता न येणाऱ्याला मृत्युपत्र वाचून दाखवल्याचा शेरा वाचणाऱ्याच्या सहीसह घ्यावा, असे आम्ही ठरवले आहे. संघाच्या कार्यालयात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तरुण स्वयंसेवक साक्षीदार म्हणून हजर राहतील. पहिल्याच शनिवारी रांग लागली होती.

कोर्ट फीमध्ये सवलत, वकिलांचे शुल्क किंवा करांबद्दल या पत्रात आम्ही जाणूनबुजून काही मागितलेले नाही. ते विषय वेगळे आहेत आणि त्यांत हा मुद्दा हरवू नये.

या पत्रावर चर्चेसाठी आम्हाला वेळ द्यावी. भेटीला आमच्याबरोबर एक ब्याऐंशी वर्षांचे सभासद येतील. ते एका मित्राच्या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत. मित्र हयात आहे, दुसरा साक्षीदार गेला. त्यांना त्या दिवसाचे सगळे आठवते : पाऊस, टेबलावरचा शाईचा डाग, मित्राने दोनदा सही केली कारण पहिल्यांदा पेन चालले नाही. हे सगळे ते आज शपथेवर सांगायला तयार आहेत. मित्र जिवंत असताना ते कोणत्या कार्यालयात, कोणत्या टेबलावर सांगायचे, आणि सांगितले तर ते उद्या मोजले जाईल का, हे त्यांना आपल्याकडून ऐकायचे आहे.

आपले,
अध्यक्ष व कार्यवाह
(संघाच्या सर्वसाधारण सभेच्या ठरावानुसार)